दहा माणसांची रेकी

८ जून, रविवार

दहा! पप्पांनी जेवता जेवता दोन्ही हातांची बोटं वर करून दाखवली. उजव्या हाताला वरण लागलेलं, तसंच.

काल जर्मनीतल्या युनिव्हर्सिटीचा मेल आला. मास्टर्सला घेतलंय. पंधरा जुलैपर्यंत येणार की नाही ते कळवा, नाहीतर जागा दुसऱ्याला. मला वाटलं होतं, घरात एक तर पेढे येतील नाहीतर भांडण होईल. दोन्ही झालं नाही. पप्पांनी तो मेल माझ्याकडून दोनदा मराठीत वाचून घेतला, आणि आज ताटावर बसून हुकूम सोडला — "रेकी झाल्याबिगर पाऊल टाकायचं न्हाई. धा माणसं शोध. परदेशात ऱ्हाऊन आलेली, न्हाईतर तिथं असलेली. एक वर्ष तरी काढलेलं पायजे. त्यांना विचार, सगळं लिहून आण."

आईने विचारलं, "आणि धा झाली तर धाडणार का तिला?"

"व्हय."

"आणि नऊ झाली तर?"

"नऊ म्हंजे धा न्हाईत."

पप्पा सुभेदार म्हणून रिटायर झाले त्याला आठ वर्षं झाली, पण आमच्या घरात भाजी आणायची तरी आधी रेकी, म्हणजे फौजी पाहणी, होते — कुठल्या गल्लीतून जायचं, कुठला गाडीवाला सडका माल खाली घालतो. खर्चाचं विचारलं तर म्हणाले, ते माझं काम, ते सोपं हाय. मग अवघड काय आहे?

भांडून जाता येईल. चोवीस वर्षांची आहे मी, नोकरी करते. पण पप्पांशी भांडून गेले तर सगळं लक्ष इकडेच राहील, हे मला पक्कं माहीत आहे. तेव्हा दहा म्हणजे दहा.

९ जून

आज दहा माणसांची यादी करायला बसले.

माझं काम एमआयडीसीतल्या कंपनीत, बनून आलेले पार्ट तपासायचं. त्याला गेज असतं. एक टोक भोकातून गेलं पाहिजे, दुसरं अडकलं पाहिजे. झालं तर पास, नाहीतर बाजूला. वाद नाही. माणसांचं काय करायचं? समोरचा खरं बोलतोय की नाही हे कुठून घालून बघायचं?

आमचे क्वालिटीचे साहेब पंधरा दिवस जर्मनीला ट्रेनिंगला जाऊन आलेत. मी खुशीत त्यांचं नाव पहिलं लिहिलं. पप्पांनी लाल पेन्सिलीने काट मारली. "पंधरा दिवस म्हंजे सहल."

बारा प्रश्न काढलेत. टेबलाशी बसून मोठ्याने म्हणून बघितले, फ्रिजवरच्या लाकडी जिराफाला. पप्पांनी कुठल्याशा ड्यूटीवरून आणलेला. त्याच्या गळ्यात स्कूटीच्या किल्ल्या असतात. त्याने नीट ऐकून घेतलं.

१२ जून

अनोळखी माणसाला फोन लावणं हे माझ्याच्यानं होत नाही! "नमस्कार, मी संयोगिता, साताऱ्याहून बोलतेय" एवढं घोकलं, रिंग वाजली, पलीकडून "हॅलो" आलं आणि मी फोन कट केला. मग त्यांचाच परत आला. "राँग नंबर" म्हटलं. स्वतः लावलेल्या फोनला!

१५ जून

सांगली. पहिला माणूस झाला. झाला का?

यशराज — कॉलेजात माझ्या दोन वर्षं पुढे होता, आता जर्मनीत. त्याचा नंबर मागायला घरी फोन केला तर त्याच्या आई म्हणाल्या, "घरीच या की. हितनंच व्हिडिओ लावू. आमी पण बोलतो." त्यांचं घर मार्केट यार्डाजवळ, वडील हळदीचे व्यापारी. जिन्यातसुद्धा हळदीचा वास. मोबाईल डब्याला टेकवून ठेवला, मी समोर आणि काकू माझ्या शेजारी. म्हणजे मुलाखत माझी आणि उत्तरं काकूंची.

"जेवणाचं कसं करतोस?" — "सगळं करतोय! चपात्या गोल करतोय आता!"

"नोकरीचं कसं आहे तिकडे?" — "कंपन्या मागं लागल्यात त्याच्या."

यशराज नुसता हसत होता. मध्ये मध्ये एकच शब्द. निवांत. थंडी? निवांत. अभ्यास? निवांत. एकटं वाटतं का? छे, निवांत! मी वहीच्या कडेला रेघा मारत गेले, अकरा झाल्या. जॅकेटच्या आत नारिंगी कॉलर दिसत होती, कसल्यातरी कंपनीचं चिन्ह असलेली. मी तिकडे बघतेय हे कळलं असावं. त्याने चेन गळ्यापर्यंत ओढून घेतली.

काकूंनी निघताना हळदीची पुडी दिली. "काय भ्यायचं न्हाई बघ. आमचा कसा निवांत हाय."

१६ जून

पप्पांनी यशराजचं पान वाचलं. खाली लाल पेन्सिलीने सही, तारीख. एवढंच म्हणाले, "ह्यात माणूस कुठं हाय?"

२२ जून

परत सांगली. दुसरी मुलाखत — माया मॅडम. आमच्या कॉलेजात शिकवतात. सरकारी शिष्यवृत्तीवर दोन वर्षं इंग्लंडला होत्या. मी उभीच राहिले तर म्हणाल्या, "बस गं, व्हायवा नाही हा." मग माझे बारा प्रश्न वाचले. पेन उघडलं. नऊ खोडले!

"हे बघ. 'मिळेल का', 'जमेल का', 'परवडेल का'. हे तू मला विचारत नाहीयेस, ज्योतिष्याला विचारतीयेस."

मला हसू पण आलं आणि रडू पण. मी म्हटलं, मॅडम, सगळे नुसतं निवांत निवांत म्हणतात.

"म्हणणारच. 'कसं आहे' विचारलं की 'बरं आहे'च येणार. तू असं विचार — काल सकाळी उठल्यापासून काय काय केलंत ते सांगा. काल कुणाला चटकन बनवून सांगता येत नाही."

मग त्यांनी स्वतःचाच एक दिवस सांगितला. तिथला पहिला नोव्हेंबर. उठल्या, पाव खाल्ला, बसने लायब्ररीत गेल्या, चारला अंधार पडला, बसने परत आल्या. उतरताना ड्रायव्हरला 'थँक यू' म्हणाल्या. खोलीत आल्यावर लक्षात आलं, दिवसभरात तोंडातून निघालेले शब्द एवढेच. "त्या दिवशी नळ सोडून मोठमोठ्यानं मराठीत बोलले. भांड्यांशी."

मी विचारलं, तुम्ही जायच्या आधी किती जणांना विचारलं होतं?

"विचारायला होतं कोण? आमचे आप्पा एसटीच्या वर्कशॉपला. आमच्या वस्तीतून मुंबईला गेलेला माणूससुद्धा एकच होता. मीच पहिली." पेनाचं टोपण लावत म्हणाल्या, "तुला दहा माणसं मिळतायत संयोगिता. कटकट नको करू."

एसटीत खिडकीशी बसून लाज वाटत राहिली. कराड येईपर्यंत.

२४ जून

कंपनीतून येऊन चहा घेत होते, यशराजचा फोन. एकट्याचा. "त्या दिवशी आई होती. आता विचार."

मी म्हटलं, काल सकाळी उठल्यापासून सांग.

पलीकडे दार लावल्याचा आवाज आला. मग सांगायला लागला. साडेचारला उठला. गोदामात गेला. दुपारपर्यंत सायकलवरून पार्सलं टाकली — ती नारिंगी कॉलर! मग खोलीवर येऊन प्रोजेक्टचं लिहिलं. मग अर्ज. नोकरीचे एकशे सत्तर अर्ज झालेत, बोलावणं चार ठिकाणांहून. भाषेची परीक्षा दोनदा गेली. "इंग्लिशमध्ये कोर्स आहे म्हणून भाषा ढिली सोडली, तिथंच चुकलं माझं. तू आत्तापासून लाग. रोज. हे लिही मोठ्या अक्षरात."

मग परत का येत नाहीस?

"हितं मी कुणाचा कोण नाही गं. कुणी ओळखत नाही, कुणी काय म्हणत नाही. लय वाईट वाटतं. आणि लय भारी पण वाटतं. दोन्ही लिही." शेवटी — "आईला सांगू नको हां."

पप्पांना दाखवायचं का? दाखवलं तर घाबरतील. नाही दाखवलं तर मी पण 'निवांत'वाल्यांतलीच. दाखवलं.

दोनदा वाचलं त्यांनी. "ह्याच्या आईला ठावं न्हाई?"

नाही म्हटलं.

सही केली. बाहेर जाऊन कुंड्यांना पाणी घालत बसले. बाहेर पाऊस चालू होता!

४ जुलै

सात झाले. आता पलीकडून 'हॅलो' आलं तरी फोन कट करत नाही.

वीरधवल — कॅनडातून तीन वर्षांनी परत आला, पोवई नाक्याजवळ टायरचं दुकान टाकलंय. "मी खुश आहे, पण लोक मला नापास झाल्यागत बघतात. त्यामुळं कधी कधी मलाच तसं वाटतं." मग सृष्टी. नेदरलँड्सला आहे, नोकरीला लागली. तिचा काल ऐकून वाटलं, अगं, हिचं खरंच छान चाललंय! सायकलने ऑफिसला गेली, साहेबाशी पगारावरून वाद घातला, जिंकली, मैत्रिणीकडे जेवायला पिठलं करून नेलं. एकही 'निवांत' नाही.

आणि तरी फोन ठेवल्यावर भीती वाटलीच! वाईट ऐकलं तरी भीती, चांगलं ऐकलं तरी भीती. मग मला नक्की ऐकायचंय काय?

९ जुलै

नऊ झाले. दहावी ठरलीय — राजेश्वरीताई, कराडच्या. ऑस्ट्रेलियातून सुट्टीवर आल्यात. रविवारी अकरा वाजता. रविवारी मुलाखत, सोमवारी पप्पांची सही, मंगळवारी पंधरा तारीख. बसतंय. जेमतेम बसतंय.

११ जुलै

बसत नाही. राजेश्वरीताईंच्या सासूबाई पडल्या, म्हणून ताई आजच पुण्याला गेल्या. तिथूनच परत जाणार. फोनवर बोलू म्हटलं, तर त्यांचा फोन दवाखान्यात धड लागत नाही. त्यांच्यावर तरी कसं चिडायचं?

सतरा जणांना मेसेज टाकले. दोन निळ्या रेघा आल्या, उत्तर कुणाचं नाही.

मी डोकं धरून बसलेली बघून पप्पाच म्हणाले, "शिराळ्यात जर्मनवाले लालासाहेब हायत. बाजारात कुणालाबी विचार. लय वर्षं झाली त्यांना त्यात."

शिराळ्यात! आमच्या पप्पांच्या मावशीचं गाव ते. आणि हे आज सांगताय? म्हटलं. ते पेपर वाचत होते.

१३ जुलै, रविवार

हे कसं लिहू?  हसून की रडून, कळत नाही.

पेठ नाक्याला गाडी बदलून शिराळ्यात उतरले तेव्हा साडेदहा वाजले होते. नागपंचमी पंधरा दिवसांवर, बाजारात लाउडस्पीकर टांगायचं काम चाललेलं. नारळवाल्याला विचारलं, जर्मनवाले लालासाहेब? "ते काय म्होरं." भांड्यांचं दुकान. छतापर्यंत डबे, पातेली, कळश्या. मनात म्हटलं, परत येऊन धंदा टाकलेला दिसतोय, वीरधवलसारखा.

सत्तरीचे आजोबा, पांढरी टोपी. "ये बाळ, ये. वडलांचा फोन आलता. लेकीला म्हायती पायजे म्हनले."

वही उघडली. किती वर्षं झाली तुम्हाला जर्मनीत?

"जर्मनमधी? चाळीस झाली. अजून हायच की."

लिहिलं — चाळीस वर्षं. अजून जाऊन-येऊन असावेत.

सध्या तिथे मार्केट कसं आहे?

"पडलंय गं. आताच्या पोरी जर्मनला इचारत न्हाईत. समदी स्टीलकडं पळत्यात."

लिहिलं — स्टील क्षेत्रात मागणी जास्त. खाली रेघ मारली!!

भाषेची अडचण?

"कसली भाषा! गिऱ्हाईक म्हनतंय कमी करा, आमी म्हनतो परवडत न्हाई. चाळीस वर्सं ह्येच चाललंय."

मला जरा विचित्र वाटलं. पण म्हातारी माणसं असं बोलतात. विचारलं, आणि थंडीचं काय?

"गार पडाय येळ लागत न्हाई, तापायबी लागत न्हाई. हलकं असतंय न्हवं." आणि मागच्या फळीवरचं पातेलं काढून बोटाने टण् वाजवलं. "ह्ये बघ. अस्सल जर्मन."

पातेलं. पांढुरकं, हलकं. ॲल्युमिनियमचं.

आज्जी दूध तापवायची ते जर्मनचं पातेलं. आईचा पोह्यांचा जर्मनचा डबा. आमच्याकडे ॲल्युमिनियमला जर्मनच म्हणतात! सगळे म्हणतात! मी म्हणते! इंजिनीअरिंगला धातूंचा अख्खा पेपर दिलाय मी, आणि जर्मनवाले म्हटल्यावर मला जर्मनी आठवली.

मी रडायला लागले. दुकानात, गिऱ्हाइकांसमोर. लालासाहेब घाबरले. "आगं काय झालं? कुनाचं काय झालं?" सगळं सांगितलं — युनिव्हर्सिटी, पंधरा तारीख, दहा माणसं, नऊच झालेली. हसावं की नाही ते त्यांना कळेना. टोपी काढून परत घातली. चहा सांगितला.

"आता येवढ्या लांबनं आलीयास तर इचार की कायतरी. रिकाम्या वहीनं जाऊ नगं."

सवयीने तोंडातून गेलं — काल सकाळी उठल्यापासून सांगा. आणि त्यांनी सांगितलं! दुकान उघडलं, झाडलं. एक म्हातारी तीस वर्षांपूर्वीचं पातेलं घेऊन आली, चेपलेलं. नवं नको म्हणाली, ह्याचाच पोचा काढून द्या. तासभर ठोकत बसले. तिने पैसे विचारले तर घेतले नाहीत, मग ती रागावली म्हणून घेतले. बाकी काही विकलं गेलं नाही.

मग म्हणाले, "तू नऊ जनांना इचारलंस. तुला कुनी इचारलं का?"

काय?

"जायचं हाय का म्हनून."

कुणीच नाही. पप्पांनी नाही, आईने नाही, माया मॅडमनी नाही. मी तर नाहीच. आणि उत्तर इतकं पटकन आलं की मीच दचकले. "व्हय," म्हटलं. पप्पांसारखंच.

"भ्या वाटतंय?"

लय.

"आसू दे की मग. जान्यातबी आसतंय आणि ऱ्हान्यातबी."

निघताना लहान पातेलं कागदात बांधून दिलं. एक कप चहाचं. "घिऊन जा इमानातनं. वजनात बसतंय." जाते की नाही हेच ठरलं नाही म्हटलं, तर म्हणाले, "न्हाई गेलीस तर साताऱ्यात च्या कर."

१४ जुलै

आई इतकी हसली की पोटाला हात लावून खाली बसली. पप्पा हसले नाहीत. नऊ पानं समोर ठेवली. दहावं शिराळ्याचं — तेही ठेवलं, लाजत. सगळी वाचली. नवांवर सह्या आधीच होत्या. दहाव्यावर पेन्सिल थांबवून धरली आणि खाली ठेवली.

"हे धरता येत न्हाई."

मला माहीत होतं.  त्यांना म्हटलं, पप्पा, मला जायचंय. पहिल्यांदाच म्हटलं हे, त्यांच्यासमोर. सव्वा महिना झाला, पण हे वाक्य घरात कुणी उच्चारलंच नव्हतं.

ते उठले. फ्रिजवरचा जिराफ खाली घेतला, किल्ल्या काढून ठेवल्या, ओल्या फडक्याने पुसत बसले. कान, मान, पाय. घरातली कुठलीच वस्तू ते कधी पुसत नाहीत.

उद्या शेवटचा दिवस. कंपनीत रजा टाकलीय. कशासाठी, माहीत नाही.

१५ जुलै

सकाळी सात. पप्पा स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसलेले. दाढी केलेली, इस्त्रीचा शर्ट. समोर जिराफ.

"वही आण. धावा माणूस आलाय."

मी दाराकडे बघितलं. दारात कुणी नव्हतं.

"तिकडं न्हाई. हिकडं. मी."

म्हटलं, पण परदेशात एक वर्ष — आणि माझं मलाच कळलं. जिराफ! काँगो! पप्पा २००५ साली युएनच्या ड्यूटीवर आफ्रिकेत होते, तेरा महिने. मी चार वर्षांची. आमच्या घरात त्याला परदेश कुणी म्हटलंच नाही कधी. श्रीनगर ड्यूटी, तेजपूर ड्यूटी, तशी काँगो ड्यूटी. मी सातारा-सांगली करत वणवण फिरतेय आणि हा माणूस रोज माझ्यासमोर बसून वरण-भात खातोय!

आधी का नाही सांगितलंत?

"तू विचारलं न्हाईस."

आणि लालासाहेब भांडी विकतात, ते?

"ठावं होतं. मी जर्मनी म्हणालोच नव्हतो." चष्मा काढून पुसला. "तुझं जाणं तेवढंच एक दिवस लांबवलं. विचार आता."

मी वही उघडली. म्हटलं, तिथला एक दिवस सांगा. सकाळी उठल्यापासून.

"चारला उठायचं. तंबूच्या भाईर काळी जमीन, सगळी लाव्ह्याची. बूट महिन्यात फाटायचा. गस्त, जेवण, गस्त. म्हंजे रोजचंच. रविवारी फोन. सॅटेलाइटचा. माणशी तीन मिनिटं, रांग लावून. दोन मिनिटं तुझ्या आईला. एक तुला. तू बोलायची न्हाईस. नुसता श्वास यायचा. घड्याळाकडं बघत त्योच ऐकायचो."

आईला काय सांगायचात?

"निवांत हाय."

आणि खरं?

त्यांनी जिराफ उचलला, परत तिथेच ठेवला. मी पुढचा प्रश्न विचारला नाही. हे मी आता शिकलेय.

"अकरा दिवस दवाखान्यात होतो. मलेरिया. डोक्यात गेला होता. माझ्या शेजारच्या खाटेवरचा पोरगा गेला त्यात, बेळगावचा. त्या रविवारी सलाईन काढून रांगेत हुभा ऱ्हायलो. तीन मिनिटं बोललो. निवांत हाय म्हणालो."

"कवा?" — आई. ओट्याशी पाठ करून उभी होती, पोळी तव्यावर तशीच.

"दिवाळीत."

"तवा तुमी म्हणाला हुता, दिवाळी लय झ्याक झाली. लाडू वाटले म्हणाला हुता."

"व्हय."

आईने गॅस बंद केला. वीस वर्षांनी कळलं तिला. पदर तोंडाला लावून ती बाहेरच्या खोलीत गेली, आणि थोड्या वेळाने तिथूनच म्हणाली, "सगळं सांगा तिला आता. मी ऐकतीया हितनं."

पप्पा माझ्याकडे न बघता जिराफाशी बोलावं तसं बोलले. "तू बी तसंच सांगशील. माझीच पोर तू. तिकडं कायबी होऊ दे, फोनवर निवांतच म्हणशील. मला घरात बसून काय कळणार? म्हणून धा म्हणालो. वाटलं, धात येकतरी असा निघंल की त्याचं ऐकून तूच ऱ्हाते म्हणशील. न्हाई निघाला. मग वाटलं, नऊवर अडकशील. अडकलीस. तर काल मलाच घास गिळवंना."

मी रडत होते, लिहीत होते. शेवटचा प्रश्न राहिला होता, सगळ्यांना विचारलेला. परत तीच वेळ आली तर जाल का?

"व्हय." क्षणभरसुद्धा थांबले नाहीत.

मग वही माझ्या हातातून ओढून घेतली, खाली लाल पेन्सिलीने सही केली, तारीख टाकली. वर आकडा घातला — १०.

१५ जुलै, सकाळी ९.४०

कळवलं. येतेय म्हणून.

१९ ऑक्टोबर

इथल्या शेगडीवर जर्मनचं पातेलं तापतच नाही! इंडक्शनची शेगडी आहे, त्यावर स्टीलच लागतं. जर्मनीत जर्मन चालत नाही!! एवढी हसले एकटीच. मग लक्षात आलं, हा विनोद इथे कुणाला सांगताच येणार नाही.

२ नोव्हेंबर, रविवार

पप्पांचा फोन. "कसं चाललंय?"

"निवांत," म्हटलं.

पलीकडून नुसता श्वास.

मग म्हणाले, "बरं. आता काल सकाळी उठल्यापासून सांग."